तीन ठोके

माझा पाय चुकला, यावर पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं. नवऱ्याचं झालं होतं, धाकट्या दिराचं झालं होतं, ज्याच्या खिडकीखालची भिंत माझ्या गाडीने फोडली त्या टपाल कचेरीतल्या कारकुनाचं झालं होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचं तर मी दवाखान्यातून घरी पोचायच्या आधीच झालं होतं. त्या जिन्यातच म्हणाल्या, "वय झालं की होतं हो असं. माझ्या मामेसासऱ्यांचं असंच झालं होतं." मी छप्पन्न वर्षांची आहे. त्यांचे मामेसासरे त्या वेळी ब्याऐंशीचे होते हे मला माहीत आहे, कारण ती गोष्ट त्यांनी मला आधी दोनदा ऐकवली आहे. पण भांडायचं त्राण नव्हतं. छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला होता, उजवा घोटा सुजून टम्म झाला होता, आणि मला नुसतं पडून राहायचं होतं. पडून राहिलं की तो पाय उशीवर समोर दिसायचा. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

मी सव्वीस वर्षं बायकांना गाडी शिकवते. चालवायला कुणीही शिकवेल, गाडी पुढे जायला तयारच असते. मी थांबायला शिकवते. पहिल्या दिवशी मी शिकणारीला इंजिन सुरूच करू देत नाही. नुसतं सीटवर बसवते, तिच्या उजव्या मांडीवर हात ठेवते आणि ठोके देते. एक, दोन, तीन. ब्रेक दाबून धरायचा नाही, ठोके द्यायचे. मला हे ज्यांनी शिकवलं त्या गुरुजींनी जन्मभर मालट्रक चालवले होते. त्यांच्या गाड्यांचा ब्रेक दाबून धरला की चाकं जाम व्हायची आणि ओल्या रस्त्यावर ट्रक आडवा व्हायचा. ते म्हणायचे, "ब्रेकला विनंती करायची, पोरी. तिसऱ्यांदा तो ऐकतो." मी ते वाक्य जसंच्या तसं पुढे दिलं. शिकवता शिकवता, इकडच्या तिकडच्या गप्पा चाललेल्या असताना, मी एकदम "ब्रेक" म्हणते आणि शिकणारीचा पाय काय करतो ते बघते. विचार करून दाबलेला ब्रेक उशिरा लागतो, ते पायाला आपोआप यायला हवं. आणखी एक खोड मला आहे, मी मध्ये बोलते. समोरची काही सांगायला लागली की तिचं पुढचं वाक्य मला माहीत असतं, मग मीच ते पुरं करून टाकते.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी एकटीच होते, एका शिकणारीला घरून घ्यायला निघाले होते. टपाल कचेरीसमोर एक आजोबा-आजी रस्ता ओलांडत होते म्हणून थांबले. माझी ही गाडी बिनक्लचची आहे, उतारवयात शिकायला येणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम जुनी बघून घेतलेली, पेडलं फक्त दोनच, डावीकडे ब्रेक, उजवीकडे रेस. आजी पलीकडच्या पायरीवर पोचल्या, आजोबांनी मागे वळून मला हात केला, मी ब्रेकवरून पाय काढला आणि रेसला जरासा लावला. कुणी शेपटीवर पाय द्यावा तशी गाडी किंचाळली. मी पाय उचलला. हे मला नक्की आठवतं, पाय हवेत होता, खाली काहीच नव्हतं, आणि गाडी धावत होती. ती अर्धी घटका, घटका कसली, अर्धा श्वास असेल, मला भीती वाटली नाही. अपमान वाटला. आपल्या घरात आपल्या समोरून कुणी न विचारता उठून जावं तसा. मग पायाने जे करायचं तेच केलं. पहिल्या ठोक्याला गाडीचं नाक खाली दबलं. दुसरा अर्धाच लागला. तिसऱ्याला पेडल दगड झालं. मी सीटमधून उठून दोन्ही पाय त्यावर रोवले, तळपायापासून कंबरेपर्यंत सगळी मी त्या दगडावर उभी होते, आणि भिंत येत होती. भिंतीवर पत्रं टाकायची लाल पेटी होती. पेटीवर पत्रं काढण्याच्या वेळा लिहिल्या होत्या, त्यातली मधली वेळ खरवडलेली होती, हेसुद्धा मी वाचलं.

हे सगळं मी दवाखान्यात सांगितलं, घरी सांगितलं, दिराला सांगितलं. प्रत्येकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, अगदी समजुतीने, आजाऱ्याचं ऐकतात तसं, आणि मग म्हटलं, "घाबरल्यावर असं वाटतं." तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना, सुजलेला पाय बादलीच्या कडेला टेकवलेला असताना, मला दिसलं की माझा पाय उजव्या पेडलावर आहे. स्पष्ट दिसलं. काळी चप्पल, तिचा सुटत आलेला पट्टा, आणि तिच्याखाली रेसचं लांबट पेडल. मी तांब्या खाली ठेवला. हे कुठून आलं? मी ते पाहिलेलं नव्हतं, गाडी चालवताना कुणी आपल्या पायांकडे बघत नाही. चार माणसांनी तीन दिवस तेच सांगितल्यावर माझ्या डोक्याने त्यांच्यासाठी एक चित्र काढून दिलं होतं, चपलेच्या पट्ट्यासकट. आणखी आठ दिवस गेले असते तर मी स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगितलं असतं की पाय चुकला हो, वय झालं. आणि ते मला खरं वाटलं असतं.

धाकट्या दिराचं गॅरेज आहे. माझ्या प्रत्येक गाडीला त्याचाच हात लागलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्याचं खाणंपिणं, त्याची तापं, त्याचे पेपर, सगळं माझ्याकडे आलं. बंद पडलेला पंखा खोलून त्याचे भाग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचा आणि मला ओळखायला लावायचा. गाडी चालवायला शिकलेला माझा पहिला विद्यार्थी तोच. त्याच्या मांडीवर मी पहिले तीन ठोके दिले. पाचव्या दिवशी परिवहन कचेरीचे तपासनीस गाडी बघायला त्याच्या गॅरेजात येणार होते, मी म्हटलं मीही येते. नवरा म्हणाला, "तू कशाला? तो आहे ना तिथे." मी रिक्षाने गेले.

तपासनीस माणूस वाईट नव्हता. उंच, थोडा वाकलेला, खिशात छोटी बॅटरी, बोलताना दर वाक्याला चष्मा वर करायचा. चेपलेलं बॉनेट वर उचलून काठीने टेकवलेलं होतं. दीर त्याला एकेक दाखवत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. तपासनिसांनी मला शांतपणे विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ब्रेक नेहमी इंजिनाला भारी असतो. रेस पूर्ण उघडी असली तरी ब्रेक एकदा दाबून धरला असता तर गाडी थांबली असती. म्हणून आम्हाला असं वाटतं..."

"मी दाबून धरला नाही," मी म्हटलं. "ठोके दिले."

"ठोके?"

मी माझ्या मांडीवर करून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुम्हाला? या गाड्यांत ब्रेकला इंजिनाची मदत असते. रेस अडकून उघडी राहिली की ती मदत यायची बंद होते, साठलेली असते ती एकदोन ठोक्यांत संपते. मग पेडल दगड होतं. कितीही जोर लावा."

मी तोवर त्यांच्याजवळ 'दगड' हा शब्द उच्चारला नव्हता. दवाखान्यात उच्चारला होता, घरी उच्चारला होता, इथे नाही. माझ्या छातीवरचा वळ एकदम ठणकायला लागला. सव्वीस वर्षं मी शेकडो बायकांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना ब्रेक संपवायला शिकवत होते, हे त्या क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की माझा पाय खरं बोलत होता. दोन्ही एकदम. हसू की रडू कळेना. मी म्हटलं, "मग तसंच झालं. रेस अडकली."

"पण त्यासाठी ती अडकायला हवी ना," तपासनीस म्हणाले. त्यांनी इंजिनात हात घातला आणि पेडलापासून इंजिनापर्यंत येणारी केबल ओढून दाखवली. "ही बघा. लोण्यासारखी चालते. नवीच आहे."

"दोन महिन्यांपूर्वीच बदलली," दीर म्हणाला. "वहिनींना आठवत नसेल. तुम्हाला सांगितलं होतं मी, वहिनी."

तो मला जन्मात कधी तुम्ही म्हणाला नव्हता. बेचाळीस वर्षांचा झाला तरी अगंतुगंच. परक्या माणसासमोर मान दिला असेल असं कुणीही म्हणेल, पण मला ते गाडीचा दरवाजा बाहेरून लावून घेतल्यासारखं वाटलं. मी वाकून बघितलं. त्या इंजिनात सगळं धुळीने आणि तेलाने एकाच रंगाचं झालेलं होतं, नळ्या, वायरी, पाण्याची बाटली. एकच केबल काळी कुळकुळीत होती, आणि जिथे ती बसवली होती तिथल्या नटाभोवतीचा मळ ताजा पुसलेला होता. दोन महिन्यांत माझ्या गाडीत इतकी स्वच्छ कुठलीच वस्तू राहत नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी, माझी एक शिकणारी ही गाडी घेऊन वाळूच्या ढिगात घुसली तेव्हा, याच माणसाने मला याच जागी उभं राहून सांगितलं होतं, "वहिनी, गाडी ठणठणीत आहे, काही करायची गरज नाही. तुझ्या त्या सिस्टरबाईंचा पाय चुकला." मी हे तपासनिसांसमोर बोलले नाही. का नाही बोलले, ते मला नीट सांगता येत नाही. समोर चौदा वर्षांचा मुलगा उभा होता आणि त्याच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर सगळे भाग क्रमाने मांडलेले होते, एवढंच दिसत होतं. तपासनिसांनी मला एक कोरा कागद दिला, चालकाचं स्वतःचं निवेदन, उद्या दुपारपर्यंत हवं, आणि ते गेले.

ते गेल्यावर मी स्टुलावर बसले. म्हटलं, "जुनी कुठे आहे?"

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "टाकली. वहिनी, ऐक. सिस्टरबाईंच्या वेळीच बघितलं होतं मी. आतल्या दोन तारा तुटून वळल्या होत्या, त्याच कधीतरी नळीत अडकायच्या. कापून टाकल्या, ग्रीस भरलं. नवी मागवली होती. त्या गाडीची लवकर मिळत नाही. आली आणि डोक्यातून गेलं."

"गेलं."

"चार गाड्या होत्या दारात. तुला सांगितलं असतं तर तू गाडी उभी ठेवली असतीस, तुझे वर्ग बुडाले असते. म्हटलं आठ दिवसांचा तर प्रश्न."

"आणि तू मला सांगितलंस की तिचा पाय चुकला."

"तू आधीच तसं म्हणत आली होतीस, वहिनी," तो म्हणाला. "मी नुसतं हो म्हटलं."

हे त्याने काही टोचायला म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. त्याने टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि त्याच्या त्या सरळ, शाळेत मीच गिरवून घेतलेल्या अक्षरात लिहिलं, घाबरल्यामुळे ब्रेकऐवजी रेसचे पेडल दाबले गेले. खाली सहीपुरती जागा सोडली. म्हणाला, "गॅरेज बंद करतील माझं. परवाना काढून घेतील. तुझं काय, तू तशीही थांबणारच होतीस ना वर्षा-दोन वर्षांत. एक सही फक्त." मी कुठे थांबणार होते? हे त्याला कोण म्हणालं? की मी थांबणार आहे हेही घरात माझ्यामागे ठरून गेलं होतं? मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. त्याला वाटलं मी सही करणार. त्याने माझ्यासाठी रिक्षा थांबवली, दुखरा पाय आत घेताना मला कोपराला आधार दिला, आणि तो आधार इतका सवयीचा होता की मी तो घेतला.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, खिडकी लावली, परत उघडली. "तुला आधी माहीत होतं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "काल बोलला मला. त्याला झोप नाही गं चार दिवस. आता घरातली गोष्ट आहे, बाहेर नेऊन काय मिळणार? कुणाला लागलं तर नाही ना." मी माझ्या घोट्याकडे बघितलं. काल माहीत असूनही आज सकाळी हा माणूस मला चहा देताना म्हणाला होता, "जास्त विचार करू नकोस, होतात चुका." कपही स्वतः विसळला होता. मला तेव्हा किती बरं वाटलं होतं. माझी गाडी, माझा पाय, माझा दीर, माझा नवरा; मी ज्याच्यावर म्हणून भार टाकला ते सगळं एकेक करून खालून निघून गेलं होतं, आणि शेवटी उरलं होतं ते गुरुजींचं वाक्य, तर तेही या गाडीच्या कामाचं निघालं नाही. मी चपला घातल्या. "कुठे?" तो म्हणाला. मी सांगितलं नाही.

सिस्टर म्हणजे आमच्या सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. साठीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, बुटक्या, अतिशय टापटीप. गाडी शिकायला आल्या तेव्हा पहिल्या दिवशी वही घेऊन आल्या होत्या, मी जे म्हणेन ते लिहून घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बाई, आम्हाला शिकवलं होतं, पेशंट काय म्हणतो ते आधी त्याच्याच शब्दांत लिहायचं. डॉक्टरांचं म्हणणं नंतर. आधी डॉक्टरांचं लिहिलं की पेशंटही तेच म्हणायला लागतो." मी म्हटलं होतं, "हो हो, मागचा आरसा बघा." माझ्याकडे एकविसाव्या दिवशी एकटीचा फेरा असतो. मी गाडीतून उतरते, मैदानाच्या मधोमध उभी राहते आणि शिकणारी एकटी गोल फेरी मारते. शेजारी कुणी नसताना गाडी आपली होते, असं माझं म्हणणं. सिस्टर त्या दिवशी नवा पांढरा सदरा घालून आल्या होत्या. अर्धा फेरा अगदी छान झाला. मग गाडी किंचाळली आणि सरळ मैदानाच्या टोकाच्या वाळूच्या ढिगात घुसली. मी धावत गेले. त्या दोन्ही हातांनी चाक धरून बसल्या होत्या, इंजिन त्या दणक्यानंतर पुन्हा हळू गुरगुरत होतं. म्हणाल्या, "बाई, माझा पाय ब्रेकवर होता. मी ठोके दिले, तीन, पण ते पेडल..." आणि त्यांचं पुढचं वाक्य मला माहीत होतं, म्हणून मी ते पुरं केलं. "रेसचं होतं. सगळ्या असंच म्हणतात, सिस्टर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही." त्या पुन्हा आल्या नाहीत. मीही गेले नाही.

दार त्यांनी उघडलं आणि आधी माझ्या पायाकडे पाहिलं. "सूज आहे की. वर घ्या तो, वर घ्या." मला खुर्चीत बसवलं, समोर स्टूल ठेवलं, पायाखाली उशी दिली, घोटा दोन बोटांनी दाबून बघितला. खोलीत पलंग, टेबल, कपाट, सगळं भिंतीला काटकोनात. मग चहा आला. मी त्यांना केबलचं सांगितलं, कापलेल्या तारांचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. म्हटलं, "सिस्टर, तुमचा पाय ब्रेकवरच होता. चूक माझी झाली. तुम्ही हे लिहून द्याल का? तुम्हाला जसं झालं तसं."

त्या हसल्या. छान, समजुतीने हसल्या, माझ्याकडे चार दिवस सगळे हसत होते तसं. "नाही हो बाई. तुम्ही उगीच माझं मन राखताय. माझा पाय रेसवरच होता."

"तुम्ही तेव्हा ब्रेक म्हणाला होतात."

"घाबरले होते. मग घरी येऊन शांतपणे आठवलं. मला दिसतंय ना अजून, पांढरा बूट, आणि खाली ते लांबट पेडल." त्यांनी कप टेबलावर ठेवला, कपाचा कान उजवीकडे फिरवला. "माझ्यासारखीने या वयात हौस करू नये. तुम्ही किती समजावून सांगितलंत तेव्हा. रागावला नाहीत."

मला तिथे बसवेना. पायाखालची उशी त्यांचीच होती. त्यांना जी आठवण होती ती मी दिलेली होती, बुटासकट, आणि त्यांनी ती वहीत लिहून घ्यावी तशी जपून ठेवली होती. जगात एकच माणूस असं होतं की ज्याच्या पायाला माझ्या पायासारखंच माहीत होतं, आणि त्याचं मी तोंड बंद करून टाकलं होतं. दिराने माझ्याशी जे केलं ते करायला त्याला दोन महिने आणि एक नवी केबल लागली. मला एक वाक्य पुरलं. पर्समधल्या कागदावर सही करून टाकावी आणि घरी जावं, असं मला खरंच वाटलं. त्या दरम्यान त्या बोलतच होत्या, बाल्कनीतल्या झाडाला किडा लागला आहे, पाणी कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं. त्या सांगत होत्या की आता कुंडीच बदलायची, मोठी कुंडी...

"ब्रेक," मी म्हटलं.

मैदानावरच्या आवाजात म्हटलं. कसं निघालं माहीत नाही, ठरवून नाही. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय उचलला, डावीकडे आत गेला आणि फरशीवर पडला. एक. दोन. तीन. तिसऱ्याला तो उचलला नाही. तिथेच रोवून राहिला, टाच उचललेली, पोटरी ताठ, गुडघा थरथरत. त्यांनी मान खाली घालून तो पाय पाहिला, वॉर्डात एखाद्याची पट्टी सोडल्यावर बघत असतील तसा. मग दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "ते खाली जात नव्हतं."

मला पुढचं वाक्य माहीत होतं. ते माझ्या जिभेवर होतं. मी पर्समधला कागद काढला, दिराचं अक्षर खाली जाईल असा टेबलावर पालथा ठेवला, आणि त्यांचंच पेन उचललं.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. "मी मध्ये बोलणार नाही."